वाचकांचे प्रश्न : जुन्या मेनफ्रेमचे नमुना प्रोग्रॅम कसे जपावेत?

मेनफ्रेम म्हणजे कार्यालयांतील मोठ्या संगणकांच्या काळातील कागदपत्रे किंवा पंच कार्डे (छिद्रे पाडून मजकूर नोंदवलेली कार्डे) घरात असतील तर कळवावे, असे आवाहन या सदरातून केले होते. त्यावर नाशिक आणि परिसरातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख आयबीएम १४०१ या यंत्रासाठी फोरट्रान या गणिती कामाच्या संगणकभाषेत लिहिलेल्या नमुना प्रोग्रॅमांकडे आहे. म्हणून या वेळी तेवढाच विषय घेतला आहे.

प्रश्न : माझे वडील पाटबंधारे खात्यात अभियंता होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईला जाऊन १४०१ वरील फोरट्रानचे प्रशिक्षण घेतले होते. त्यांच्या पश्चात माळ्यावर पंच कार्डांच्या दोन पेट्या, छापील लिस्टिंगची, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्यांची उत्तरे छापलेल्या कागदांची, चळत आणि एक वही मिळाली. पेट्यांवर ‘नमुना प्रोग्रॅम’ असे त्यांच्या हस्ताक्षरात लिहिले आहे. वर्गमूळ काढणे, संख्या चढत्या क्रमाने लावणे, कालव्याचा विसर्ग काढणे असे ते लहान लहान प्रोग्रॅम दिसतात. असे प्रोग्रॅम आज कोणीही पाच मिनिटांत लिहील, पेट्या रद्दीत द्या, असे घरच्यांचे म्हणणे आहे. ते जपण्याजोगे आहेत का, आणि असतील तर सुरुवात कोठून करावी?
(एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : जपण्याजोगे आहेत, आणि ते साधे आहेत म्हणून तर अधिकच. वर्गमूळ काढणारा प्रोग्रॅम आज कोणीही लिहील हे खरे. पण त्या यंत्रासाठी, त्या कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीच्या, मर्यादा सांभाळून, त्या काळी शिकणाऱ्या माणसाने तो कसा लिहिला, हे आज कोणालाही नव्याने लिहिता येणार नाही.

१४०१ हे यंत्र आयबीएमने ऑक्टोबर १९५९ मध्ये जाहीर केले. पुढच्या दशकात ते जगभर हजारोंच्या संख्येने बसवले गेले आणि भारतातील अनेक कार्यालयांतही आले. त्याची स्मृती कमीत कमी १,४०० आणि जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची असे. मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही आज याच्या शेकडो पट जागा लागते. त्यातही अवघ्या ८,००० अक्षरांच्या स्मृतीवर चालेल असा फोरट्रानचा कंपायलर तयार करणे हे मोठेच कसब होते. एरवी कंपायलर स्मृतीत ठाण मांडून बसतो आणि प्रोग्रॅमची एकेक ओळ त्याच्यापुढून सरकत जाते. येथे सगळी योजनाच उलटी होती. वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम स्मृतीत मुक्कामाला असे, आणि कंपायलरचे ६३ टप्पे एकामागून एक स्मृतीत येऊन, आपापल्या वाट्याचे लहानसे काम उरकून, पुढच्या टप्प्याला जागा करून देत. कोणी विधानांची, म्हणजे प्रोग्रॅममधील एकेका आज्ञेची, त्यांच्या प्रकारानुसार जुळणी करी, कोणी ॲरेच्या, म्हणजे एकाच नावाखालील संख्यांच्या यादीच्या, घोषणा तपासी, कोणी गणिती सूत्रांची फोड करी.

हा कंपायलर आज पुन्हा चालतो. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये दोन १४०१ यंत्रे दुरुस्त करून चालू ठेवलेली आहेत, आणि सिमएच या संगणकप्रणालीच्या साहाय्याने घरच्या लॅपटॉपवरही १४०१ ची प्रतिकृती चालवता येते. परंतु जुन्या लिस्टिंगवरून किंवा कार्डांवरून परत उभ्या केलेल्या कंपायलरमध्ये एखाद्या टप्प्यातील एखादे अक्षर चुकीचे उतरले असेल, तर त्याचा पत्ता सहज लागत नाही. त्या टप्प्याची गरज पडेल असा प्रोग्रॅम चालवावा लागतो, आणि त्याचे मूळ यंत्रावर छापून आलेले उत्तर शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडून पाहावा लागतो. आपल्या वडिलांच्या पेटीतील प्रोग्रॅम नेमके हे काम करू शकतात. संख्या क्रमाने लावणाऱ्या प्रोग्रॅममधून ॲरे आणि लूप (पुन्हा पुन्हा चालणारी विधाने) तपासले जातात, वर्गमूळातून दशांश संख्यांचे गणित, आणि विसर्गाच्या प्रोग्रॅममधून घातांक व छपाईची मांडणी. कंपायलर खरा उतरला आहे की नाही याची साक्ष द्यायला यांच्याइतके भरवशाचे साधन दुसरे नाही.

साध्या प्रोग्रॅमांचे मोल अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखले होते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी फोरट्रान प्रोग्रॅमांचा जो अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यासाठी त्यांनी लोकांचे रोजच्या वापरातलेच प्रोग्रॅम गोळा केले होते. प्रोग्रॅमचा चार टक्क्यांहून कमी भाग चालण्याच्या निम्म्याहून अधिक वेळ घेतो, हे त्यातूनच पुढे आले. निवडक आणि आदर्श प्रोग्रॅम पाहून हे कधी कळले नसते.

आता सुरुवातीविषयी. पहिली गोष्ट म्हणजे पेटीतील कार्डांचा क्रम मोडू नये. कार्डे बाहेर काढण्यापूर्वी गठ्ठ्याच्या वरच्या कडेकडे पाहा. बहुधा तेथे पेनाने किंवा पेन्सिलीने ओढलेली एक तिरकी रेघ दिसेल. गठ्ठा हातातून पडला आणि कार्डे विखुरली, तर ती परत लावता यावीत म्हणून ही रेघ ओढत असत. रेघ अखंड असेल तर क्रम शाबूत आहे असे समजावे, आणि मध्येच एखादा ठिपका जागा सोडून बसला असेल तर ते कार्ड हललेले आहे किंवा मागाहून घातलेले आहे. मागाहून घातलेले कार्ड हीसुद्धा माहिती आहे, कारण प्रोग्रॅम कोठे दुरुस्त केला हे त्यातून कळते. तेव्हा आधी चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि मगच रबर बँड काढावेत. जुने रबर कार्डाला चिकटून बसलेले असते. ते ओढू नये, जेवढे आपसूक सुटेल तेवढेच सोडवावे. पुन्हा बांधताना रुंद सुती फीत सैलसर बांधावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रोग्रॅमला त्याच्या गोतावळ्यापासून तोडू नये. एका नमुना प्रोग्रॅमच्या गोतावळ्यात प्रोग्रॅमची कार्डे, त्यांच्या आधीची नियंत्रण कार्डे, मागची माहितीची म्हणजे डेटाची कार्डे, छापून आलेले उत्तर आणि वहीतील टिपण एवढे सगळे येते. यांतील नियंत्रण कार्डे दिसायला अगदी किरकोळ असतात आणि म्हणून सर्वांत आधी हरवतात. १४०१ च्या फोरट्रानमध्ये पूर्णांक किती अंकी धरायचा आणि दशांश संख्या किती अंकी धरायची, हे वापरणाऱ्याला अशाच एका कार्डावर सांगता येत असे, आणि ही लांबी वीस अंकांपर्यंत नेता येई. ते कार्ड गहाळ झाले, की तोच प्रोग्रॅम तीच माहिती घेऊन वेगळे उत्तर देऊ शकतो, आणि चूक कोणाची हे कधीच ठरवता येत नाही. वहीत ‘आठ अंकी’ अशासारखा एखादा शेरा सापडला, तर तोही कार्डाइतक्याच काळजीने टिपून ठेवावा.

कार्डाचे छायाचित्र घेताना त्याखाली काळा कागद ठेवावा, म्हणजे छिद्रे स्वच्छ उमटतात. कार्ड साधारण १८७ मिलिमीटर लांब आणि ८३ मिलिमीटर रुंद असते. त्यावर ८० रकाने आणि १२ आडव्या ओळी असतात. एका रकान्यात एक अक्षर बसते. सर्वांत वरची ओळ बारावी, तिच्याखाली अकरावी आणि मग शून्य ते नऊ, अशी ओळींची नावे आहेत. एखाद्या रकान्यात बाराव्या आणि तिसऱ्या ओळीत छिद्र असेल तर ते ‘सी’ हे अक्षर. पहिल्याच रकान्यात हा ‘सी’ असेल, तर ते कार्ड कंपायलरसाठी नसून वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप आहे. अशी कार्डे विशेष लक्ष देऊन वाचावीत, कारण लिहिणाऱ्याचा विचार तेथेच सापडतो. पहिले पाच रकाने विधानाच्या क्रमांकाचे, सहावा आधीचे कार्ड पुढे चालू असल्याच्या खुणेचा आणि सात ते बहात्तर हे रकाने विधानाचे. त्र्याहत्तर ते ऐंशी हे रकाने कंपायलर वाचत नाही. तेथे बहुधा कार्डाचा अनुक्रमांक असतो. कंपायलर वाचत नाही म्हणून तो भाग उतरवून घेताना गाळू नये.

कार्डाच्या उजव्या कडेला बारीक खाच दिसली, तर ते कार्ड व्हेरिफायर यंत्रावर दुसऱ्यांदा टंकून पडताळलेले आहे असे समजावे. खाचेची नोंद प्रत्येक कार्डापुढे ठेवावी, कारण पडताळलेल्या कार्डात टंकलेखनाची चूक असण्याची शक्यता बरीच कमी असते.

पेट्या माळ्यावर परत ठेवू नयेत. नाशिकच्या पावसाळ्यात कार्डे ओल धरतात, फुगतात आणि वाकतात, आणि कसर लागली तर छिद्रे कोणती आणि खाल्लेली जागा कोणती हे सांगणे कठीण होते. जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या लोखंडी कपाटात त्या उभ्या ठेवाव्यात. कार्डे वाकू नयेत म्हणून पेटीतील रिकामी जागा जाड पुठ्ठ्याने भरून घ्यावी. लॅमिनेशन मुळीच करू नये. डांबराच्या गोळ्याही पेटीत टाकू नयेत. छायाचित्रणाचे काम हिवाळ्याच्या कोरड्या महिन्यांत उरकलेले बरे.

प्रश्न : मी पूर्वी पंच ऑपरेटर म्हणून काम केले आहे. एका परिचितांकडील फोरट्रानची कार्डे पाहिली, तर कार्डाच्या माथ्यावर कंसाच्या जागी टक्क्याचे चिन्ह, बरोबरच्या जागी चौकटीचे चिन्ह म्हणजे हॅश, आणि अधिकच्या जागी ‘अँड’चे चिन्ह छापलेले आढळले. ही कार्डे चुकीची पंच झाली आहेत का? संगणकावर उतरवताना चिन्हे दुरुस्त करावीत का?
(एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : कार्डे बरोबर आहेत. आयबीएमच्या ०२६ या पंच यंत्रावर चिन्हांचे दोन संच मिळत, एक व्यापारी कामाचा आणि एक शास्त्रीय कामाचा. छिद्रे तीच, माथ्यावरची छपाई मात्र वेगळी. शून्य, चार आणि आठ या ओळींतील छिद्रांना व्यापारी यंत्र टक्का छापी आणि शास्त्रीय यंत्र डावा कंस छापी. तीन आणि आठ या ओळींतील छिद्रे एका यंत्रावर हॅश तर दुसऱ्यावर बरोबरचे चिन्ह. नुसत्या बाराव्या ओळीतील छिद्र एकावर ‘अँड’, दुसऱ्यावर अधिक. हिशेबाच्या कामासाठी बसवलेल्या यंत्रावर फोरट्रानची कार्डे पंच झाली की माथ्यावर टक्के आणि हॅश दिसणारच. कंपायलर छिद्रे वाचतो, छपाई नाही, त्यामुळे प्रोग्रॅम निर्वेध चालत असे. छपाई यंत्रावरही व्यापारी चिन्हांची साखळी बसवलेली असेल, तर लिस्टिंगमध्येही तेच टक्के उमटतात.

गुंतागुंत पुढे झाली. १९६४ मध्ये आलेल्या ०२९ यंत्राने कंसाला आणि बरोबरच्या चिन्हाला स्वतंत्र छिद्रे दिली: डावा कंस बारा, पाच आणि आठ, बरोबर सहा आणि आठ. त्यामुळे एकाच पेटीत जुन्या आणि नव्या यंत्रांवर पंच झालेली कार्डे मिसळलेली असू शकतात, आणि त्यांच्यातील एकाच चिन्हाची छिद्रे वेगळी असतात. आपल्यासारख्या जाणकाराचे काम येथेच मोलाचे आहे. प्रत्येक गठ्ठ्यावर तो ०२६ च्या पद्धतीचा आहे की ०२९ च्या, हे लिहून ठेवावे. उतरवताना मूळ प्रत छिद्रांप्रमाणेच ठेवावी आणि वाचण्यासाठी वेगळी प्रत करून तीत कंस व बरोबरची चिन्हे घालावीत. छपाई आणि छिद्रे जुळत नसतील तेथे छिद्रे प्रमाण मानावीत, पण छपाईत काय होते हेही समासात नोंदवावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकतो. आजोबांच्या कागदांतील काही नमुना प्रोग्रॅम मी आजच्या फोरट्रान कंपायलरवर चालवून पाहिले. काही ठिकाणी चुका दिसल्या, त्या सुधारल्या. फंक्शनांची नावेही बदलावी लागली. आता प्रोग्रॅम चालतात, पण उत्तरांचे शेवटचे अंक जुन्या लिस्टिंगशी जुळत नाहीत. माझी सुधारलेली प्रत जपून ठेवली तर चालेल का?
(एक विद्यार्थी, अंबड, नाशिक)

उत्तर : सुधारलेली प्रत जरूर ठेवा, परंतु मूळ प्रतीच्या जागी ती ठेवू नका. आपल्या पत्रावरून दिसते की ज्याला आपण चूक समजलात, त्यांतील काही गोष्टी त्या कंपायलरचे नियम आहेत. फोरट्रान दोन या जुन्या आवृत्तीच्या पठडीत वर्गमूळ, साइन यांसारख्या फंक्शनांच्या नावांच्या शेवटी ‘एफ’ लावत. नवा कंपायलर ते नाव ओळखत नाही, इतकेच. विधानातील मोकळ्या जागांना त्या काळी काही अर्थ नव्हता, त्यामुळे दोन शब्द जोडून लिहिलेले किंवा एकच शब्द तोडून लिहिलेला दिसला तरी तो तसाच राहू द्यावा.

लूपच्या बाबतीत विशेष जपावे लागते. जुन्या बहुतेक कंपायलरांमध्ये लूप संपला की नाही याची तपासणी लूपच्या शेवटी होत असे, त्यामुळे मोजणी शून्य असली तरी आतली विधाने एकदा चालत. फोरट्रान ७७ या पुढच्या आवृत्तीपासून अशा वेळी ती एकदाही चालत नाहीत. म्हणजे एक अक्षरही न बदलता प्रोग्रॅमचे वागणे बदलू शकते, आणि नवीन कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आपल्या सुधारलेल्या प्रतींत अशी जागा आहे का, ते एकदा पाहून घ्यावे.

शेवटचे अंक न जुळण्याचे कारण यंत्राच्या घडणीत आहे. १४०१ हे दशमान यंत्र होते. त्याच्या स्मृतीत प्रत्येक अंक स्वतंत्र अक्षर म्हणून राहत असे. आजचे संगणक दशांश संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांत, साठवतात, आणि एक दशांश ही संख्या द्विमानात नेमकी बसत नाही. शून्य दशांश एक ही संख्या दहा वेळा मिळवून पाहा. आजच्या यंत्रावर दुहेरी अचूकतेने ती बेरीज एकाहून अगदी किंचित कमी भरते. दशमान यंत्रावर ती बरोबर एक येते. त्यात नियंत्रण कार्डाने ठरवलेल्या अंकांची भर पडली, की दोन उत्तरांत फरक पडणे स्वाभाविक आहे. हा फरक लपवू नये, आणि तो नाहीसा व्हावा म्हणून प्रोग्रॅममध्ये बदलही करू नयेत. मूळ प्रोग्रॅम सिमएचवरील १४०१ मध्ये जुन्या कंपायलरने चालवावा, तेथील उत्तर लिस्टिंगशी ताडावे, आणि आजच्या कंपायलरचे उत्तर तिसऱ्या रकान्यात लिहून ठेवावे. तिन्ही शेजारी असतील तर पुढच्या अभ्यासकाला कोणाला काही विचारावे लागणार नाही.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. शिकवण्यासाठी केलेल्या संचांत एखादा प्रोग्रॅम मुद्दाम चूक ठेवून लिहिलेला असतो, कारण कंपायलर चूक कशी दाखवतो हे विद्यार्थ्याला पाहायला मिळावे. कंस कमी असलेला किंवा नसलेल्या क्रमांकाकडे उडी मारणारा प्रोग्रॅम दिसला, तर आधी त्याची लिस्टिंग शोधावी. तीत चूक दाखवणारा संदेश छापलेला असेल, तर तो संदेश हेच त्या प्रोग्रॅमचे बरोबर उत्तर आहे. असे प्रोग्रॅम फार थोडे टिकले आहेत, कारण सापडले की लोक ते सुधारून टाकतात.

प्रश्न : आमच्याकडे कार्डे राहिलेली नाहीत, फक्त छापील लिस्टिंग आहे. ती स्कॅन करून संगणकाकडूनच वाचून घेता येईल का?
(एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : स्कॅन अवश्य करावे, संगणकाकडून वाचूनही घ्यावे, पण त्या मजकुरावर विसंबू नये. फिक्या रिबिनीवर शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’, पाच आणि ‘एस’, पूर्णविराम आणि स्वल्पविराम यांची हमखास गल्लत होते, आणि फोरट्रानमध्ये यांतील प्रत्येक गल्लत अर्थ बदलते. जुन्या पंच विभागाची पद्धत येथेही सर्वांत खात्रीची आहे. दोन माणसांनी एकमेकांचे न पाहता तीच लिस्टिंग टंकावी आणि दोन्ही फाइली संगणकाकडून ताडून घ्याव्यात. जेथे फरक पडेल तेवढ्याच जागा मूळ कागदावर जाऊन पाहाव्यात. टंकण्यासाठी वर्ड वगैरे वापरू नये, कारण अशा प्रणाली अवतरणचिन्हे आणि अक्षरे आपल्या मनाने बदलतात. साधा टेक्स्ट एडिटर घ्यावा.

खरी अडचण मोकळ्या जागांची आहे. छपाईत उमटवायचा मजकूर त्या काळी अक्षरांची संख्या, त्यापुढे ‘एच’ आणि मग मजकूर, अशा रीतीने लिहीत. बारा आकडा लिहिला असेल, तर ‘एच’नंतरची बारा अक्षरे कंपायलर जशीच्या तशी घेणार, मग ती रिकामी असोत वा भरलेली. मजकुरात दोन शब्दांमध्ये तीन जागा सोडल्या होत्या आणि आपण दोनच टंकल्या, तर कंपायलर मोजणी पूर्ण करण्यासाठी पुढचा स्वल्पविराम किंवा कंस गिळतो आणि सगळे विधान कोलमडते. मजकूर एका कार्डात न मावता दुसऱ्यावर गेला असेल, तर पहिल्या कार्डावरील बहात्तराव्या रकान्यापर्यंतच्या रिकाम्या जागाही मोजणीत येतात. म्हणून फाइलमधील प्रत्येक ओळ पूर्ण ऐंशी अक्षरांची ठेवावी आणि ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा आपोआप काढून टाकण्याची एडिटरमधील सोय बंद करावी.

कागदावर या जागा मोजण्याचा उपाय सोपा आहे. १४०३ या छपाई यंत्रावर एका इंचात दहा अक्षरे बसत. पारदर्शक प्लास्टिकवर दशांश इंचाच्या अंतराने उभ्या रेघा आखून ते लिस्टिंगवर ठेवले, की कोणते अक्षर कोणत्या रकान्यात आहे हे थेट वाचता येते. कागद ताणला किंवा आक्रसला असेल तर पट्टी दर काही शब्दांनी सरकवून घ्यावी. मोजणी ‘एच’च्या आधीच्या आकड्याशी जुळली, म्हणजे ती जागा पक्की झाली. लिस्टिंगवर पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या आढळल्या तर त्या टंकलेल्या मजकुरात मिसळू नयेत. त्यांची स्वतंत्र फाइल करावी.

प्रश्न : असे प्रोग्रॅम सर्वांसाठी खुले करण्यास कायद्याची अडचण आहे का?
(एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर : घरी जतन करण्यासाठी प्रत करणे आणि ती सर्वांसाठी प्रसिद्ध करणे या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतींत झाला. साहित्यकृतीचा हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. प्रोग्रॅम वडिलांनी स्वतःच्या अभ्यासासाठी लिहिलेले असतील तर हक्क वारसांकडे येतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेले असतील तर, वेगळा करार नसल्यास, तो मालकाचा म्हणजे खात्याचा किंवा कंपनीचा असतो आणि त्यांची लेखी परवानगी घ्यावी. यंत्राबरोबर आलेले नमुना प्रोग्रॅम कंपनीचे समजावेत. आयबीएमने जून १९६९ मध्ये प्रणालींची (सॉफ्टवेअरची) किंमत वेगळी आकारण्याचे जाहीर करेपर्यंत प्रणाली यंत्राबरोबर निराळा मोबदला न घेता दिल्या जात; पण मोबदला घेतला नाही म्हणून हक्क सोडला, असे होत नाही. शंका असेल तेथे वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि तोपर्यंत जतनाचे काम मात्र थांबवू नये.

प्रश्न : सर्व काम झाल्यावर मूळ कार्डे आणि फाइली कोणाकडे सोपवाव्यात? घरात पुढच्या पिढीला यात रस नाही.
(एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : फाइली आणि कार्डे यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल. फाइलींच्या किमान तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक तरी नाशिकबाहेर असावी. प्रत्येक फाइलचा शा-२५६ पद्धतीचा ठसा, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली चौसष्ट अक्षरांची खूण, कागदावर छापून पेटीत ठेवावा. फाइलमधील एक मोकळी जागा जरी बदलली तरी हा ठसा बदलतो, त्यामुळे वीस वर्षांनीही प्रत अस्सल आहे की नाही हे मिनिटभरात कळते. हक्कांचा प्रश्न सुटलेला असेल तर प्रोग्रॅम सार्वजनिक करून सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहात जमा करावेत. फ्रान्समधील इन्रिया या संगणक-संशोधन संस्थेने २०१६ मध्ये तो सुरू केला, युनेस्कोचे त्याला सहकार्य आहे, आणि जमा झालेल्या प्रत्येक मजकुराला तेथे कायमस्वरूपी ओळखखूण मिळते.

मूळ कार्डांसाठी आधी जवळच विचारणा करावी. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालत आलेले आहे. अशा संस्था, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा ज्या खात्यात अथवा कारखान्यात ती कार्डे वापरली गेली तेथील ग्रंथालय, यांच्याकडे अशी वस्तू स्वीकारण्याची आणि कोरड्या जागेत ठेवण्याची तयारी आहे का, हे प्रत्यक्ष भेटून पाहावे. पाटबंधारे, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे छापखाने आणि सातपूर-अंबडचे कारखाने यांतून निवृत्त झालेली बरीच मंडळी या शहरात राहतात. त्यांच्यापैकी कोणी हे प्रोग्रॅम चालवलेले असतील, तर पेटी देण्याआधी त्यांना एकदा कार्डे दाखवावीत आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घ्यावे; गठ्ठ्यावरील सांकेतिक खुणांचा अर्थ बहुधा त्यांनाच ठाऊक असतो.

देणगीपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. कार्डे, लिस्टिंग, वही आणि फाइली यांची ताटातूट करू नये. गठ्ठ्यांचा क्रम बदलू नये. आणि संस्थेला पुढे जागेची अडचण आली, तर रद्दीत काढण्यापूर्वी देणाऱ्याच्या कुटुंबाला लेखी कळवावे.